ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर : आठ महिने ट्रॅकवर वापरल्यानंतर

आधी गाडीची माहिती, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावरच ठरतात. २ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, रेडलाइन ७,२०० आरपीएम. चेंबर (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) कंपनीचंच, म्हणजे वेट संप, तेल तिथेच साठतं. फिल्टरसकट ४ लिटर तेल बसतं, ग्रेड ५डब्ल्यू-४०. टायर रस्त्यावर चालणारेच, पण मऊ रबराचे, वळणात १.१ जीपर्यंत (गुरुत्वाच्या १.१ पट) पकड देणारे. अ‍ॅक्युम्युलेटर (इंजिनचं तेल प्रेशरखाली साठवून गरजेला परत देणारा सिलिंडर) २ क्वार्टचा, म्हणजे १.९ लिटरचा. पहिले पाच महिने हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह होता, पुढचे तीन महिने प्रेशरवर चालणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह. (अ‍ॅक्युसंप हे कँटन कंपनीच्या उत्पादनाचं नाव, पण बोलताना सगळ्याच अ‍ॅक्युम्युलेटरना तेच म्हणतात. इथे लिहिलेलं या प्रकारच्या कुठल्याही सिलिंडरला लागू आहे.)

वस्तू काम करते, आणि चांगलं करते. पण तिचा नंबर तिसरा लागतो. बॅफल (तेल इकडेतिकडे पळू न देणारे चेंबरमधले अडथळे) आणि विश्वासाचं गेज हे दोन्ही गाडीत नसताना कुणी थेट सिलिंडर विकत घेत असेल, तर त्याने थांबावं.

चेंबरमध्ये नेमकं काय होतं ते डोळ्यासमोर आणा. वळणात १ जी जोर लागला की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका होतो, १.१ जीला ४८ अंशांच्या आसपास. चेंबर २५ सेंटिमीटर रुंद असेल, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तेलाच्या उंचीत २७ सेंटिमीटरचा फरक पडायला बघतो, आणि चेंबर स्वतः असतं जेमतेम १२ सेंटिमीटर खोल. म्हणजे तेल एका भिंतीवर चढून क्रँककेसमध्ये घुसतं आणि मधल्या पिकअपची (पंप जिथून तेल ओढतो त्या तोंडाची) जाळी उघडी पडते. वळण एका सेकंदात संपलं तर सहसा निभावतं. तीन-चार सेकंद चालणारं लांब वळण, किंवा जोराच्या ब्रेकला जोडून आलेलं वळण, तिथे पंप हवा ओढतो. त्यातच ७,००० आरपीएमवर वर हेडमध्ये गेलेलं तेल खाली यायला वेळ लागतो. आडव्या सिलिंडरच्या, म्हणजे बॉक्सर इंजिनांत हा त्रास जास्त, कारण लांब वळणात बाहेरच्या बाजूच्या हेडमध्येच तेल साचून राहतं.

बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचा. तो तुटला की धातू धातूला लागतो, आणि पूर्ण थ्रॉटलवर कनेक्टिंग रॉडची बेअरिंग आधी जातात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा इथे कामाचा नाही. बहुतेक गाड्यांत तो ५ पीएसआयच्या आसपास पेटतो. ६,००० आरपीएमवर ५ पीएसआय दिसेपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते झालेलं असतं. कंपनीच्या काट्यावरही विसंबू नका. १९९५ नंतरच्या माझदा मियाटामधला ऑइल प्रेशरचा काटा प्रत्यक्षात साध्या स्विचवर चालतो. प्रेशर थोडं असलं तरी तो मध्यावर उभा राहतो.

म्हणून पहिला खर्च सेन्सरचा. ० ते १५० पीएसआयचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा सेन्सर घ्या आणि तो लॉगरला (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राला) जोडा. प्रेशरचं चॅनल सेकंदाला किमान ५० वेळा नोंद घेणारं हवं. १० वेळांच्या नोंदीत प्रेशरचा ०.२ सेकंदांचा खड्डा दोन ठिपक्यांत संपतो आणि त्याचा तळ कळतच नाही. बसवताना आटे तपासा. जपानी ब्लॉकमध्ये बहुधा १/८ बीएसपीटी असतात, इंचाला २८ आटे. बाजारातले बरेचसे सेन्सर १/८ एनपीटी, इंचाला २७. दोन फेरे सहज जातात, तिसऱ्याला अडकतं, आणि पाना लावून जोर केला की ब्लॉकचे आटे खराब. अ‍ॅडॉप्टर वापरा. जड सेन्सर थेट ब्लॉकवर टांगू नका, थरथरीने अ‍ॅडॉप्टरची मान तुटते. छोट्या होजने तो बॉडीवर घ्या.

आता लॉग. बदल करण्याआधी ६,००० आरपीएमला सरळ रस्त्यावर ५८ पीएसआय असायचं आणि चार सेकंदांच्या एका डाव्या वळणात ते १८ पर्यंत पडायचं. चेंबर उघडून पिकअपभोवती झडपांचं बॅफल वेल्ड केलं. या झडपा तेलाला आत येऊ देतात, बाहेर जाऊ देत नाहीत. शिवाय तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त ठेवलं. तेवढ्यानेच खड्ड्याचा तळ ३४ वर आला आणि वेळ ०.३ सेकंदांवर. सगळ्यात मोठी सुधारणा ही होती, सिलिंडर लागायच्या आधीची. झडपा चेंबर बंद करण्याआधी बोटाने हलवून बघा. वेल्डिंगच्या तापाने बिजागरी किंचित वाकली तर झडप अर्धवट उघडी राहते आणि सगळी मेहनत वाया जाते.

त्यानंतर अ‍ॅक्युम्युलेटर. आत एक पिस्टन असतो, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनचं तेल. तेल रिकामं असताना हवा ७ पीएसआय भरली होती. इंजिनचं प्रेशर ५८ झालं की हवा दबून साधारण ३० टक्के जागेत बसते, म्हणजे सिलिंडरमध्ये १.३ लिटर तेल जातं. वाचताना वाटतं, सव्वा लिटरहून जास्त साठा आहे, मग काळजी कसली? पण ते सगळं तेल ५८ पीएसआयने बाहेर येत नाही. तेल निघत जातं तशी हवा फुगते आणि प्रेशर उतरत जातं. ५८ वरून ३० पीएसआयला येईपर्यंत फक्त ०.३५ लिटर मिळतं. उरलेलं जवळपास एक लिटर त्याहून कमी दाबाने येतं, आणि त्या दाबावर ७,००० आरपीएमने पळणाऱ्या इंजिनाचं भागत नाही.

इंजिन मिनिटाला २० लिटर तेल घेतं असं धरलं तर सेकंदाला ०.३३ लिटर झालं. बॅफलनंतर उरलेला ०.३ सेकंदांचा खड्डा म्हणजे १०० मिलिलिटरची तूट. तेवढं तेल दिल्यावर सिलिंडरचं प्रेशर ५८ वरून ४७ च्या आसपास यायला हवं, आणि लॉगमध्येही त्या वळणात तळ ४७ च दिसतो. आता हाच पंप दोन सेकंद कोरडा राहिला तर? ०.६७ लिटर निघून जातं आणि प्रेशर २० च्या खाली. म्हणजे बॅफल नसलेल्या चेंबरला या सिलिंडरने फार तर एक सेकंद मिळतो. ३ क्वार्टचा घेतला तर दीड.

बसवताना जागेपेक्षा नळीला महत्त्व द्या. एएन-१० मापाची होज, आतून साधारण १४ मिलिमीटर, लांबी शक्य तितकी कमी. त्याहून बारीक नळीतून ०.३ सेकंदांत हवं तेवढं तेल पोचत नाही. सिलिंडर दोन जागी रबरी पॅड घालून क्लँप केला, एक्झॉस्टपासून लांब. एनपीटीच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे धागे तुटून ऑइल गॅलरीत (इंजिनातल्या तेलाच्या वाटेत) जातात. पातळ सीलंट वापरा, तेही पहिले दोन आटे सोडून. आणि एएनच्या ३७ अंशांच्या फ्लेअरवर काहीच लावायचं नाही, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतो.

जोड कुठे घेतला हे मात्र नीट बघा. फिल्टरखालच्या सँडविच प्लेटमध्ये बाहेरच्या कड्यातून पंपाचं तेल फिल्टरमध्ये जातं आणि मधल्या भोकातून गाळलेलं तेल इंजिनात. बऱ्याच प्लेटची भोकं बाहेरच्या कड्यात असतात. तिथे जोड दिला आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसला, तर सिलिंडरचं तेल इंजिनाकडे जातंच, पण पंपाकडेही मागे जातं, आणि पंपाच्या वाटेत शिरलेली हवा दाबण्यात मोलाचे मिलिलिटर संपतात. इंजिन बंद असताना तर ते पंपातून झिरपून सरळ चेंबरमध्ये उतरतं. म्हणून पंप आणि जोड यांच्यामध्ये मोठ्या भोकाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, किंवा जोड फिल्टरच्या पुढे, मुख्य गॅलरीकडे घ्या.

हाताचा व्हॉल्व्ह सवयीवर चालतो. सुरू करताना इग्निशन ऑन, व्हॉल्व्ह उघडायचा, गेजवर प्रेशर चढलेलं बघायचं, मग स्टार्टर. बेअरिंगना क्रँक फिरण्याआधीच तेल मिळतं. हा फायदा रोजचा आहे आणि ट्रॅकवर न जाणाऱ्या गाडीलाही मिळतो. बंद करताना इंजिन ३,००० आरपीएमवर धरून व्हॉल्व्ह बंद करायचा, मग आयडल, मग बंद. आयडलवर बंद केला तर गरम इंजिनाचं २४ पीएसआयच सिलिंडरमध्ये अडकतं आणि पुढच्या स्टार्टला तेल आणि दाब दोन्ही कमी मिळतात.

याचा एक त्रास वापरल्याशिवाय कळत नाही. व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडर सतत श्वास घेतो. गरम आयडलला २४ पीएसआयवर त्यात ०.८ लिटर तेल उरतं, ५८ ला १.३ लिटर. म्हणजे पिटमधून निघून थ्रॉटल दिला की तो चेंबरमधून अर्धा लिटर ओढून घेतो, आणि तेवढा वेळ प्रेशर सावकाश चढतं. वळणातही तेच. एका वळणात तेल दिलं की पंप सावरल्यावर आधी सिलिंडर भरतो. लगेच दुसरं लांब वळण आलं तर तो अर्धाच भरलेला असतो. लॉगमध्ये दुसऱ्या वळणाचा तळ ४७ ऐवजी ४१ दिसतो तो याचमुळे.

इलेक्ट्रिक व्हॉल्व्हमुळे हा श्वास थांबतो. कँटनकडे असे व्हॉल्व्ह २०-२५, ३५-४० आणि ५५-६० पीएसआय अशा तीन सेटिंगमध्ये मिळतात. इथे ३५-४० चा वापरला. प्रेशर त्याच्या वर असेपर्यंत तो तेल धरून ठेवतो, खाली गेलं की सोडतो, आणि पुन्हा भरणं हळूहळू होतं. लॉगचा आकार त्यामुळे बदलला. प्रेशर आधी ३६ पर्यंत उतरतं, मग व्हॉल्व्ह उघडताच ५० च्या वर उसळी मारतं. ३६ हा आकडा वाईट नाही, पण हाताच्या व्हॉल्व्हचे ४७ जास्त आवडतात. शिवाय गरम आयडल २४ असल्यामुळे पिटमध्ये उभं राहिलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि सिलिंडर रिकामा होऊ लागतो. त्यामुळे वेगळा स्विच लागतोच, आणि ट्रॅकवरून आत वळतानाच तो बंद करायचा. निव्वळ ट्रॅकच्या गाडीला हाताचाच व्हॉल्व्ह घ्यावा, केबल ओढून हँडल सीटजवळ आणावं. रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला इलेक्ट्रिक सोयीचा. वायरिंग फ्यूज आणि रिलेतून करा. सहाव्या महिन्यात व्हॉल्व्हची अर्थिंगची वायर बॉडीच्या रंगावर घट्ट केलेली निघाली, आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी नाही. रंग खरवडून मोकळ्या पत्र्यावर लावल्यावर तक्रार संपली.

तेलाची पातळी हा या वस्तूतला सगळ्यात जास्त चुका होणारा भाग. तेल बदलताना सिलिंडरही रिकामा करा, नाहीतर १ लिटरच्या वर जुनं तेल आतच राहतं. भरताना ४ लिटर अधिक सिलिंडरचे १.३ लिटर अधिक वर म्हटलेला अर्धा लिटर. हे सगळं एकदम ओतू नका. आधी ४ लिटर, इंजिन सुरू, व्हॉल्व्ह उघडा, सिलिंडर भरला की उरलेलं. मोजायची पद्धत एकच ठेवा : इंजिन गरम, ३,००० आरपीएमला व्हॉल्व्ह बंद, इंजिन बंद, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक. व्हॉल्व्ह गळत असेल तर रात्रभरात सिलिंडर चेंबरमध्ये उतरतो आणि सकाळी पातळी लिटरभर जास्त दिसते. ते जास्तीचं समजून काढून टाकलं तर पुढच्या फेरीत तेल कमी पडणार. आणि तसंच पळवलं तर क्रँक तेलात आपटून फेस करते, मग भरपूर तेल असूनही प्रेशर थरथरत राहतं. लॉगमध्ये करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसली तर आधी फेसाचा संशय घ्या. त्यावर सिलिंडरचा उपयोग नाही.

देखभाल थोडकी. महिन्यातून एकदा तेल पूर्ण सोडून हवेचा दाब तपासायचा. तेल आत असताना गेज इंजिनचं प्रेशर दाखवतं, त्याचा प्री-चार्जशी, म्हणजे तेल नसताना भरलेल्या हवेच्या दाबाशी, संबंध नाही. आठ महिन्यांत ७ चे ५ झाले होते, तेवढे भरले. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर तेलाचा थेंब आला तर पिस्टनचे ओ-रिंग गेले समजा आणि सिलिंडर उघडा.

ईसीयूमध्ये (इंजिनच्या कंप्यूटरमध्ये) संरक्षण लावायला विसरू नका. हॅलटेक, लिंक, मोटेक या सगळ्या कंपन्यांच्या ईसीयूंत आरपीएमनुसार किमान प्रेशरचा तक्ता देता येतो. इथे ३,००० ला २५, ५,००० ला ३५ आणि ६,००० च्या वर ४० ठेवलं होतं, ०.३ सेकंदांच्या विलंबाने, आणि मर्यादा मोडली की रेव्ह लिमिट ३,५०० वर. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह लावल्यावर वरचा आकडा ३२ करावा लागला, नाहीतर व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच्या ३६ च्या खड्ड्यावर कट बसण्याची भीती होती.

आणखी एक, फार महाग पडू शकणारी गोष्ट. इंजिनची बेअरिंग एकदा गेली असतील तर नवं इंजिन बसवण्याआधी हा सिलिंडर, त्याची नळी आणि ऑइल कूलर उघडून धुवा, किंवा बदला. पिस्टनच्या मागे बसलेला धातूचा चुरा पहिल्याच स्टार्टला फिल्टरच्या पुढून थेट नव्या बेअरिंगवर जातो. आमच्या सिलिंडरमध्ये आठ महिन्यांनी उघडल्यावर करडा गाळ नखावर बसेल इतकाच होता, चमक नव्हती. तेवढ्यावर तो पुन्हा बसवला. स्लिक टायर लावायची वेळ आली, तर मात्र हा काढून ड्राय संपच (तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) घालायचा विचार आहे. १.४ जीच्या वरच्या लांब वळणांना एका सेकंदाचा साठा पुरत नाही.