स्लायडिंग दार बदला म्हणून सांगितलं असेल तर आधी यांना बोलवा (४ स्टार)

बाल्कनीचं स्लायडिंग दार सरकत नाही, कडकड वाजतं, जोराचा पाऊस आला की हॉलमध्ये पाणी येतं, यातलं काहीही असेल तर नवीन दाराचं कोटेशन घ्यायच्या आधी या दुरुस्तीच्या दुकानातल्या दादांना एकदा घरी बोलवून दार उघडून बघायला सांगा. रिव्ह्यू जरा मोठा होणार आहे कारण या कामात ज्या गोष्टी समजल्या त्या आमच्या बिल्डिंगमध्ये फार कमी लोकांना माहितीयेत आणि त्यापायी चांगली दारं काढून फेकली जातायत.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, बिल्डरने दिलेलं तीन ट्रॅकचं अ‍ॅल्युमिनियमचं दार, दोन काचेची शटर (म्हणजे सरकणारे पल्ले) आणि एक जाळीचं. दार इतकं जड झालं होतं की सासूबाईंना दोन्ही हातांनी ओढूनही सरकायचं नाही, त्या बाल्कनीत तुळशीला पाणी घालायला जायच्या तर कुणीतरी उठून दार उघडून द्यायचं. आधी एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याने दार एकदा ढकलून बघितलं, शटर काढलंसुद्धा नाही, आणि सांगितलं की सेक्शन (दाराची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी) जुना झालाय, पूर्ण फ्रेम काढून नवीन बसवावी लागेल, खालचा मार्बलचा पट्टा फुटेल तो तुमचा तुम्ही करून घ्या. एवढा खर्च आणि एवढी धूळ, तेही घरात वयस्कर माणूस असताना, म्हणून आम्ही थांबलो आणि मग बिल्डिंगमधल्या एका काकूंनी या दुकानाचा नंबर दिला.

दादा आले ते सोबत एका मुलाला घेऊन आले आणि पहिल्यांदा त्यांनी जुनी गोणपाटं मागितली, जमिनीवर अंथरायला. मला आधी वाटलं फरशी खराब होऊ नये म्हणून, पण कारण काचेचं होतं. टफन्ड काच (तापवून कडक केलेली) समोरून चांगली दणकट असते पण कडेला नाजूक, उघड्या कडेला फरशीचा कोपरा लागला तर अख्खी काच एका क्षणात बारीक तुकडे होऊन खाली येते, आणि टफन्ड काच नंतर कापताही येत नाही, नवीन मापाने बनवूनच आणावी लागते. तुमच्या दाराची काच टफन्ड आहे का ते कोपऱ्यातल्या छोट्या शिक्क्यावरून बहुतेक वेळा कळतं, आमच्या काचेवर तो होता, इतकी वर्षं राहतोय पण कधी लक्ष गेलं नव्हतं.

मग त्यांनी शटरच्या खालच्या बाजूला जो स्क्रू असतो तो फिरवून बेअरिंग (शटर ज्यावर सरकतं ती चाकं) आत घेतली, शटर वर उचललं जाऊ नये म्हणून असतो तो वरचा स्टॉपर काढला, दोघांनी मिळून शटर वर उचललं आणि खालची बाजू आतल्या अंगाला घेऊन अलगद बाहेर काढलं. हे एकट्याने करू नका असं ते दोनदा बजावून बोलले आणि हिशोब सांगितल्यावर पटतंच. १ चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या प्रत्येक एमएमला अडीच किलो. आमचं शटर साधारण ३ फूट बाय ७ फूट, काच ८ एमएम, म्हणजे नुसती काचच ३९ किलोच्या आसपास, वर अ‍ॅल्युमिनियम वेगळं. आणि हे सगळं वजन खालच्या दोन छोट्या बेअरिंगवर.

ती जुनी बेअरिंग त्यांनी हातात दिली तेव्हा खरं काय झालंय ते दिसलं. नायलॉनचं चाक एका बाजूने घासून सपाट झालेलं, ते फिरतच नव्हतं, नुसतं फरफटत होतं. आसाभोवती लांब केस आणि गोधडीचे दोरे असे घट्ट गुंडाळलेले की पक्कडने ओढून काढावे लागले, वर कबुतरांची बारीक पिसं चिकटलेली, आणि पिन गंजून लाल झालेली. दार जड झालं नव्हतंच, चाक मेलं होतं. असं फरफटत राहिलं की खालची अ‍ॅल्युमिनियमची रेघ पण झिजते, आमच्या मधल्या ट्रॅकला बोटाला लागेल इतका खड्डा पडला होता. त्यावर त्यांनी स्टेनलेस स्टीलची पातळ कॅप बसवली, फ्रेमला हातही लावायला लागला नाही. खाडी जवळ आहे, हवा खारट असते, म्हणून काचेच्या शटरला स्टेनलेस स्टीलचीच बेअरिंग घ्या असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, जाळीचं शटर हलकं म्हणून तिथे साधी नायलॉनची चालतील, उगाच महाग टाकू नका हे पण त्यांनीच सांगितलं. असं बोलणारा माणूस मला तरी फार दिवसांनी भेटला.

आता पाण्याचं. हे खास लिहितेय कारण पावसाळ्यात प्रत्येक घरातली तक्रार आहे. ट्रॅकमध्ये पाणी येणं हे चूक नाहीये, स्लायडिंगमध्ये ते येणारच, म्हणून खालच्या फ्रेमला बाहेरच्या बाजूने बारीक लांबट भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते बाल्कनीत निघून जायला पाहिजे. ती बुजली की ट्रॅक भरतो आणि वाऱ्याबरोबर पाणी सरळ हॉलमध्ये उसळतं. आमच्याकडे बाल्कनीच्या टाइल्स बदलल्या तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी गळती थांबवायला म्हणून बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारलं होतं आणि त्यात नेमकी हीच भोकं बंद झाली होती, म्हणजे गळतीवरचा उपाय तीच गळतीचं कारण. दादांनी कटरने सिलिकॉन कापून भोकं मोकळी केली, तारेने आतला चिखल काढला आणि मग एक मग पाणी ट्रॅकमध्ये ओतून मला बाहेर येऊन बघायला सांगितलं. तिन्ही भोकांतून धार लागली. त्यानंतर चांगला आडवा पाऊस झालाय आणि हॉलमध्ये टॉवेल टाकावा लागलेला नाही.

शटरच्या कडेची केसाळ पट्टी, वुलपाईल, ती पण झिजून टक्कल पडली होती, ती बदलल्यावर धूळ आणि रस्त्याचा आवाज बऱ्यापैकी कमी झाला. आवाज पूर्ण बंद होईल असं समजू नका, स्लायडिंग दार ते करू शकत नाही.

देखभालीचं विचारलं तर त्यांनी जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते. ट्रॅक आधी कोरडा साफ करायचा, जुना टूथब्रश आणि व्हॅक्युम, पाणी नंतर, कारण धुळीवर आधी पाणी टाकलं की चिखल होऊन तोच भोकात जाऊन बसतो. खोबरेल तेल, मशीनचं तेल, ग्रीस यातलं काहीही घालायचं नाही, दोन दिवस दार मस्त पळतं आणि मग धूळ तेलात बसून काळा राप तयार होतो, त्यापेक्षा सिलिकॉन स्प्रे थोडासा चाकावर मारायचा आणि जास्तीचा पुसून टाकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाल्कनीच्या टाइल्स अ‍ॅसिडने धुवायच्या नाहीत! ते अ‍ॅसिड वाहत ट्रॅकमध्ये येतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं, पांढरे खड्डे दिसतात ते त्याचेच. काचेवर टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगरमध्ये पाणी घालून कापडाने पुसा आणि फ्रेमवर ओघळलेलं लगेच साध्या पाण्याने काढा. भोकं मे महिन्यातच तपासून घ्या, जूनमध्ये या लोकांचा फोन लागत नाही.

एक सुरक्षिततेची गोष्ट, काम झाल्यावर वरचा स्टॉपर परत बसवलाय ना हे स्वतः बघा. तो नसेल तर शटर बाहेरूनही उचलून काढता येतं, आणि लहान मुलाने दार जोरात ओढलं तर ते ट्रॅकवरून उतरू शकतं. दादांनी बसवून दार वर उचलून दाखवलं, हललं नाही.

बिल झालं साडेचार हजार, त्यात सहाही बेअरिंग, स्टीलची कॅप, वुलपाईल आणि मजुरी, सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या जेवणापर्यंत संपलं. आता सासूबाई एका हाताने, खरं म्हणजे दोन बोटांनी दार सरकवतात आणि पहाटे कुणालाही न उठवता बाल्कनीत जातात, मला या सगळ्यात याचं सर्वात जास्त समाधान आहे.

एक स्टार का कापला तर सांगितलेल्या दिवशी आले नाहीत आणि तसा फोनही केला नाही, मीच केला तेव्हा दुसऱ्या साइटवर होते. कोपऱ्यात नवीन सिलिकॉन मारलंय ते मुलाने मारलं, जरा ओबडधोबड दिसतं, मोठ्या कंपनीची सफाई त्यात नाही. आणि कच्ची पावती दिली, पक्कं बिल मागितल्यावर दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर ते आधीच बोलून ठेवा.

फोन करणार असाल तर शटरची रुंदी-उंची, काचेची जाडी माहीत असेल तर ती, आणि ट्रॅकचा जवळून काढलेला फोटो आधी पाठवा, म्हणजे ते योग्य बेअरिंग बरोबर घेऊन येतात. जुन्या सेक्शनची बेअरिंग प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, आमची त्यांनी शोधून आणली.