सुपरव्हिजन निवडताना: नेहमीची केस-चर्चा की नॅरेटिव्ह पद्धत?

सोलापुरात शाळेत, सिव्हिलमध्ये, संस्थेत किंवा घरच्याच एका खोलीत समुपदेशन करणाऱ्यांपैकी अनेकांना सुपरव्हिजन (आपल्या केसेसबद्दल अनुभवी समुपदेशकाशी होणारी नियमित चर्चा) मिळतं ते पुण्या-मुंबईहून, स्क्रीनवर. महिन्याचा तो एक तास फार मोलाचा असतो. म्हणून सुपरवायझर किती नावाजलेला आहे हे नंतर पाहावं. आपण त्याच्याकडे कुठल्या तऱ्हेचा प्रश्न घेऊन जाणार आहोत, हे आधी ठरवावं.

नेहमीची पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. आपण केस मांडतो, जास्त अनुभव असलेली व्यक्ती काय सुटलं ते दाखवते आणि पुढची दिशा देते. सीबीटीमध्ये (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) तर सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून ठरावीक मापनपट्टीवर गुणही देतात. अकरा मुद्दे, प्रत्येकी शून्य ते सहा. नवख्याला याचा मोठा आधार असतो.

नॅरेटिव्ह थेरपी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८०च्या दशकात घडवली. समस्या वेगळी आणि माणूस वेगळा, हा तिचा पाया. सुपरव्हिजनमध्ये हीच नजर समुपदेशकाकडे वळते. तुमच्या चुका मोजायला कुणी बसत नाही. तुम्ही काय करू पाहत होता, कशासाठी, आणि ते तुमच्या कामात आधी कुठे कुठे दिसलं, याचा शोध प्रश्नांमधून घेतला जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा, विड्या वळणारी एक बाई तुमच्याकडे येते. तिसऱ्या सेशनला म्हणते, “ताई, तुमच्याशी बोलून बरं वाटतं, पण घरी गेलं की सगळं तेच.” ती गेल्यावर तुमच्या मनात घोळत राहतं, की आपल्याला हे काम जमत नाही.

नेहमीचा सुपरवायझर विचारेल: झोप कशी आहे, घरात मारहाण होते का, जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल बोलली का, पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरून घेतली का, सेशनचं उद्दिष्ट काय ठरलं होतं? वीस मिनिटांत पुढच्या भेटीचा आराखडा तुमच्या हातात असतो.

नॅरेटिव्ह सुपरवायझर वेगळीकडून सुरुवात करेल. हे ‘जमत नाही’ कधीपासून येऊन बसलंय? ते आलं की क्लायंटचं कोणतं बोलणं ऐकायचं राहून जातं? ‘बरं वाटतं’ म्हणजे तिला नेमकं काय वाटतं? मग कदाचित तुम्हाला आठवेल, की ते वाक्य म्हणताना ती मध्येच तेलुगूत काहीतरी पुटपुटली होती आणि तुम्ही ते जाऊ दिलं. किंवा लक्षात येईल, की विड्यांची मजुरी हजारावर मिळते, म्हणजे तुमच्याकडे येण्यासाठी ती त्या दिवशीची काही कमाई सोडून येते. तीन वेळा ती कशासाठी आली असेल? आणि शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी: तुम्ही हे काम धरून आहात, हे ऐकून तुमच्या ओळखीतल्या कुणाला अजिबात नवल वाटणार नाही?

या दुसऱ्या रीतीत एका केसला अख्खा तास जातो, आराखडा मिळेलच असं नाही. पण ज्यांची कौशल्यं ठीक आहेत आणि तरी जे आतून थकले आहेत, त्यांना हेच लागतं असं माझं ठाम मत आहे. त्यांना तंत्रं सांगत राहिलं तर ‘जमत नाही’ आणखी घट्ट होतं.

आता भाषेचं. आपल्याकडे क्लायंट मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलतो, आपण नोंदी इंग्रजीत करतो आणि सुपरव्हिजनही अर्धं इंग्रजीत होतं. नेहमीच्या केस-चर्चेत हे बऱ्यापैकी निभावतं, कारण लक्षणं आणि योजना कुठल्याही भाषेत सांगता येतात. नॅरेटिव्ह पद्धत मात्र माणसाच्या नेमक्या शब्दांवर उभी असते. ‘घरी गेलं की सगळं तेच’ याचं इंग्रजी करून सांगितलं, तर विचारण्यासारखं अर्धं तिथेच हरवतं. म्हणून मराठीत बोलणारा, कमी नावाजलेला सुपरवायझर मी आधी निवडेन.

या पद्धतीत गटानं करायचा एक प्रकारही आहे. एकाची मुलाखत होते, बाकीचे साक्षीदार म्हणून ऐकतात. नंतर ते सल्ला देत नाहीत, कौतुकही करत नाहीत. कोणतं वाक्य मनात रुतलं, त्यातून काय चित्र उभं राहिलं, ते माझ्या आयुष्यात कुठे भिडलं, आणि ऐकून मी कुठे पोचले, एवढंच बोलतात. व्हाइट यांनी ही कल्पना बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञांच्या कामातून घेतली. कॅलिफोर्नियातले वृद्ध ज्यू एकमेकांसमोर आपलं आयुष्य मांडून ‘आम्ही आहोत’ हे कसं जपतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. एकट्यानं काम करणाऱ्याला असं ऐकलं जाणं क्वचितच वाट्याला येतं. चार-पाच जण सोलापुरातच जमले तर प्रवासही नको.

पण इथेच गोपनीयतेचा धोका मोठा आहे. ‘पूर्व भागातली, नवरा यंत्रमागावर, मुलगी अमुक शाळेत’ एवढ्यावर गटातला कुणीतरी तिला ओळखू शकतो. गड्ड्याच्या यात्रेत आपलेच क्लायंट समोर येतात, इतकं हे गाव जवळचं आहे. तपशील बदलून सांगायचे, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरवा.

जोखमीच्या केसमध्ये मी तडजोड करणार नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारी मुलगी असो किंवा पोक्सोखाली (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) यावं असं काही कळलेलं असो, तिथे काय करायचं हे सांगणारं जबाबदार माणूस हवंच. पोक्सोमध्ये कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यात गटानं चर्चा करून ठरवण्यासारखं काही नाही. चांगला नॅरेटिव्ह सुपरवायझरही अशा वेळी स्पष्ट बोलतो. बरोबरीच्यांच्या गटात मात्र ही जबाबदारी कुणाचीच नाही असं होऊ शकतं. आणि अभ्यासक्रमासाठी तास भरून सही हवी असेल, मूल्यमापन लागणार असेल, तर नेहमीची पद्धतच सोपी जाते.

माझा सल्ला विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं नेहमीचं सुपरव्हिजन ठेवा आणि अधूनमधून एखादी नॅरेटिव्ह बैठक जोडा. काम अंगवळणी पडल्यावर हे प्रमाण उलटं करा, पण अडचणीत फोन लावता येईल असा एक अनुभवी माणूस कायम हाताशी राहू द्या. नव्या सुपरवायझरला पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: मी क्लायंटचे शब्द मराठीत सांगितले तर चालेल का? आपलं मतभेदाचं काही निघालं तर आपण ते कसं हाताळू? आणि रात्री नऊ वाजता एखादी केस गंभीर झाली तर तुम्ही फोन उचलाल का, नाहीतर कोण उचलेल?