चिप आणि डेल : चेहरा एक, स्वभाव दोन

डिस्नेने २००५ मध्ये ‘क्लासिक कार्टून फेव्हरिट्स’ या मालिकेत चिप आणि डेल या चिपमंक (खारीसारखा छोटा प्राणी) जोडीच्या लघुपटांची डीव्हीडी काढली. चित्रपटगृहांतून मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवण्यासाठी तयार झालेली ही सहा-सात मिनिटांची कार्टून्स आजही तितकीच ताजी वाटतात. १९४३ च्या ‘प्रायव्हेट प्लूटो’मध्ये ही जोडी प्रथम दिसली, तेव्हा दोघांना नावे नव्हती. ती मिळाली जॅक हॅना यांनी दिग्दर्शित केलेल्या १९४७ च्या ‘चिप अ‍ॅन डेल’मध्ये. ऑस्करचे नामांकन मिळवणारा हा लघुपट या डीव्हीडीत आहे.

चिपचे नाक लहान आणि काळे, तर डेलचे मोठे आणि लाल. शिवाय डेलच्या पुढच्या दातांत फट आहे. परंतु धावपळीच्या प्रसंगात नाक आणि दात कोण पाहत बसणार? तिथे ओळख पटते ती वागण्यावरून. चिप थांबतो, अंदाज घेतो, बेत आखतो. डेल त्या बेताचा अर्थ नीट कळण्याआधीच कामाला लागतो आणि बहुधा घोटाळा करून ठेवतो. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘गूफी गोफर्स’ जोडीत दोघेही सारखेच अदबशीर असल्यामुळे गंमत त्यांच्या संवादांतून येते. इथे ती दोघांतल्या अंतरातून निर्माण होते आणि माझ्या मते म्हणूनच ती अधिक टिकते.

संग्रहातला सर्वांत देखणा लघुपट म्हणजे १९५१ चा ‘आउट ऑफ स्केल’. डोनाल्ड डकने अंगणात छोटी आगगाडी आणि तिच्या मापाचे गाव उभारले आहे. चिप-डेलचे घर असलेले झाड त्या मापात बसत नाही म्हणून तो ते उचलून बाजूला करतो. बेघर झालेले दोघे सरळ खेळण्यातल्या घरात राहायला जातात. शेवटी ते झाडाच्या बुंध्यात बोगदा करतात आणि ‘जायंट रेडवुड’ (महाकाय रेडवुड वृक्ष) अशी पाटी लावतात, तेव्हा तेच झाड डोनाल्डच्या मापात चपखल बसते! वॉल्ट डिस्ने यांनी स्वतःच्या अंगणात एक-अष्टमांश मापाची आगगाडी चालवली होती, हे ठाऊक असेल तर या लघुपटातला बारकावा आणखी भावतो.

‘थ्री फॉर ब्रेकफास्ट’मधली डोनाल्डच्या पॅनकेकची पळवापळवीही बहारदार आहे. ‘टू चिप्स अँड अ मिस’मध्ये मात्र डोनाल्ड नाही, क्लॅरिस नावाच्या गायिकेसाठी दोघे एकमेकांना चुकवून बाहेर पडतात आणि जोडीतलीच चुरस रंगते.

दोघांचे बोलणे वेग वाढवून ध्वनिमुद्रित केलेले असल्याने बरेच शब्द निसटतात, पण कथानक हालचालींतून उलगडते. त्यामुळे इंग्रजी न कळणाऱ्या मुलांनाही हे लघुपट निःसंकोच दाखवावेत. ‘प्रायव्हेट प्लूटो’ आणि १९४९ चा ‘टॉय टिंकर्स’ या संग्रहात नाहीत, ही उणीव आहे. जोडीचा प्रवास पाहू इच्छिणाऱ्यांनी ते दोन्ही वेगळे मिळवून पाहावेत.