ॲडासची गाडी घ्यावी की ड्रायव्हर ठेवावा?

घरात वयस्कर आईवडील, महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला दवाखान्याची फेरी, आणि रात्री परतताना डोळ्यांवर येणारी झापड. नाशिकच्या अशा घरांत नवी गाडी घेताना हल्ली दोन वाटा दिसतात. ॲडास, म्हणजे कॅमेरा आणि सेन्सरच्या जोरावर चालकाला मदत करणारी यंत्रणा, असलेलं वरचं मॉडेल घ्यायचं, नाहीतर साधं मॉडेल घेऊन वाचलेल्या पैशांत ड्रायव्हर बोलवायचा. आम्हीही याच पेचात होतो. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, हायवेला गाडी स्वतःच चालते." हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका.

आपल्याकडच्या ॲडासच्या गाड्या फार तर लेव्हल २ च्या. वेग, ब्रेक, स्टिअरिंगला त्या हात देतात, पण नजर आणि जबाबदारी तुमचीच राहते. लायसन्स माणसाला मिळतं, सॉफ्टवेअरला नाही. हयगयीनं चालवताना कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ती २ वर्षं होती. "गाडीनं ब्रेक मारला नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा जीव घेतला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही; सीटवर बसलेल्या चालक महिलेनं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. ती गाडी तर आपल्या ॲडासच्या कितीतरी पुढची होती. ब्रिटननं २०२४ मध्ये कायदा करून, मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्याला चालवण्याच्या गुन्ह्यांतून सूट दिली. आपल्याकडे तसं काही नाही.

ड्रायव्हर ठेवला तर चालवण्याच्या चुकीची फौजदारी जबाबदारी त्याची. भरपाईच्या दाव्यात मात्र मालक म्हणून तुम्ही असताच. पैसे विमा कंपनी देते, पण ड्रायव्हरचं लायसन्स वैध नसेल तर ती तेच पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. म्हणून लायसन्स सरकारी पोर्टलवर तपासा, आणि पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं कव्हर घ्या. त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो.

आता रस्ते. समृद्धीवर ॲडास खरंच कामाचं आहे. पट्टे स्पष्ट, वळणं सौम्य, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटही टाळता येतो. तिथं डुलकी लागायच्या बेतात असताना गाडीनं दिलेला इशारा जीव वाचवू शकतो. पण द्वारका चौकात रिक्षा आणि दुचाक्या दोन्ही बाजूंनी घुसतात, तिथं ते बंदच ठेवावंसं वाटतं. पिंपळगावच्या रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेली कांद्याची ट्रॉली, पौषात पहाटेच्या धुक्यात त्र्यंबकला निघालेल्या निवृत्तिनाथांच्या दिंड्या. इथं कॅमेऱ्यावर विसंबून मी गाडी चालवणार नाही. वाइनरीतून घरी परतायलाही ॲडास चालत नाही. दारू पिऊन चालवण्याचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ तुम्हालाच लागतं. त्या दिवशी ड्रायव्हर बोलवा.

नितीन गडकरींनी २०२३ मध्ये चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही असं सांगितलं, कारण दिलं ड्रायव्हरांच्या नोकऱ्यांचं. मला ते पटतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून काम सुटलेली किती तरी माणसं स्टिअरिंगवर घर चालवतात.

तुम्ही एकटे, आठवड्याला समृद्धीवरून ये-जा करत असाल तर ॲडासचे जादा पैसे द्या. आमच्यासारखी गरज असेल तर देऊ नका. दवाखान्याच्या दारात वडिलांना हात धरून उतरवायला, व्हीलचेअर आणायला आणि मग पार्किंग शोधायला माणूसच लागतो. आम्ही साधं मॉडेल घेतलं, ओळखीतले एक दादा रोजंदारीवर येतात. रात्री उशीर झाला तर त्यांना परत चालवायला लावायचं नाही, मुंबईतच मुक्काम करायचा, हे पहिल्याच फेरीला ठरवून टाकलं.