पोलिओ: तोंडावाटेचे थेंब की दंडावरची सुई?
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वाड्यांवर पोलिओ रविवार आला की एक प्रश्न हमखास निघतो: बाळाला सुई टोचून झाली असताना पुन्हा थेंब कशासाठी? प्रश्न रास्त आहे, कारण दोन्ही लसी एकाच रोगाविरुद्ध असल्या तरी त्यांचे काम वेगळे आहे.

थेंबांत दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात वाढून तिथेच प्रतिकारशक्ती निर्माण करतो, त्यामुळे विष्ठेवाटे होणारा प्रसार रोखण्यात थेंब सरस ठरतात. शिवाय एसटी स्थानकावर किंवा तरीच्या धक्क्यावर प्रशिक्षित स्वयंसेवकही ते पाजू शकतो. मात्र उष्णता त्यांना सोसत नाही. कुपीवरील चौकोन भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती टाकून द्यावी लागते, आणि कोकणातील उकाडा पाहता ही खूण पालकांनीही पाहायला मागावी. दुसरी उणीव गंभीर, पण अतिशय दुर्मीळ आहे: हा दुर्बळ विषाणूच क्वचित पक्षाघातास कारण ठरतो.

सुईत मृत विषाणू असल्याने ती भीती नाही, परंतु आतड्यातील संरक्षण तोकडे पडते. भारतात ती २०१५ मध्ये नियमित लसीकरणात आली. २०१६ मध्ये थेंबांतून पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा (टाइप २) वगळल्यावर त्या प्रकारापुरती सर्व भिस्त सुईवरच राहिली. म्हणून एकीच्या बदल्यात दुसरी, हा वाद मला निरर्थक वाटतो. मोहिमेतले थेंब द्यावेतच, पण सहाव्या व चौदाव्या आठवड्यातील आणि नवव्या महिन्यातील सुई त्यांच्या भरवशावर चुकवू नये.