लोगो मागायला गेलो आणि फॉर्म घेऊन आलो

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका डिझाइन टीमच्या सेवेचा आहे आणि टीमचं नाव मी देणार नाहीये, कारण खाली तक्रारही आहे आणि ती चार-पाच जणांची छोटी टीम आहे, उगाच त्यांच्या मागे कुणी लागायला नको. पण बायकांनी किंवा एलजीबीटीक्यू लोकांनी चालवलेल्या, पैशाची कायम ओढाताण असलेल्या गटांना अगदी कमी फीमध्ये डिझाइन करून देणारे असे लोक असतात, त्यांच्याकडे जावं का आणि गेलं तर नक्की काय मागावं, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर आमचे तीन महिने वाचले असते. म्हणून लिहितेय.

आमचा गट म्हणजे सात जण, त्यातल्या दोघींना अर्ध्या वेळेचा पगार, बाकी सगळे आपापली नोकरी सांभाळून येणारे. फोनवर ऐकून घ्यायचं, आठवड्याला एक भेट असते, कुणाला घर सोडावं लागलं तर सोबत जायचं, कागदपत्रांवरचं नाव बदलायचं असेल तर अर्ज भरून द्यायचे, असं काम. डिझाइन ज्याला वेळ असेल तो करायचा. त्यामुळे चार पत्रकांवर पाच फॉन्ट, लोगो एका ठिकाणी गोल आणि दुसरीकडे ताणून अंड्यासारखा, आणि अहवाल म्हणजे वर्डची फाईल, जी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळी दिसायची.

डिझाइनवर पैसे घालायचे म्हटल्यावर आमच्या हिशोब बघणाऱ्या ताई सरळ नाही म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं, एडब्ल्यूआयडी ही स्त्री हक्कांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना कितीतरी वर्षं सांगतेय की विकासाच्या मदतीतला आणि फाउंडेशनांच्या अनुदानातला 99 टक्के पैसा महिला हक्क आणि स्त्रीवादी संघटनांपर्यंत थेट पोचतच नाही, मग जो चिमूटभर येतो तो रंगरंगोटीवर कसा घालायचा? शिवाय देणगीदार विचारणार, हे ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, कशाला. ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड या ना-नफा संस्थांच्या दोन सल्लागारांनी 2009 साली एका लेखात यालाच स्टार्वेशन सायकल म्हटलं होतं, म्हणजे देणाऱ्याला वाटतं संस्था फुकटात चालते, संस्था ते खरं वाटावं म्हणून खर्च कापते, कापल्यामुळे काम लंगडं होतं, आणि तरी पुढच्या वर्षी त्याहून कमीच मागते. आम्ही या चक्रात इतके मुरलेले की स्टेपलरच्या पिनासुद्धा मोजून वापरायचो. शेवटी टीमने जी फी सांगितली ती आमच्या दोन वेळच्या पत्रक छपाईएवढी होती म्हणून ताई तयार झाल्या, तेसुद्धा "बघा बाई तुमचं तुम्ही" म्हणत.

पहिली मीटिंग फसली. आम्ही लोगो मागितला, त्यांनी तीन लोगो आणले. एकात एकमेकांत गुंफलेले हात, एकात गुलाबी बाईचा चेहरा आणि केसांतून उडणारे पक्षी, आणि तिसऱ्यात इंद्रधनुष्य, तेही असं की खाली आमचं नाव नसतं तर लहान मुलांच्या शाळेचा वाटला असता. आमच्यातला एक जण म्हणाला, "हे कुणाचंही असू शकतं." डिझायनर मुलगी गप्प झाली. मग तिने विचारलं की मला एक दिवस तुमच्याकडे येऊन नुसतं बसता येईल का. पाच स्टार द्यायचे तर या एका प्रश्नाला द्यायला हवेत.

ती आली, कोपऱ्यात बसली, वही काढली आणि लोगोबद्दल चकार शब्द न काढता आमचा नोंदणी फॉर्म बघत राहिली. त्या दिवशी आलेल्या व्यक्तीने फॉर्म हातात घेतला, पहिलीच ओळ 'पूर्ण नाव', तिथे पेन थांबलं. कितीतरी वेळ थांबलं. दुसरी ओळ 'लिंग : स्त्री / पुरुष / इतर', तिथे परत थांबलं. मग पत्ता, मग फोन, मग 'घरातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव', आणि ही व्यक्ती आमच्याकडे आली होती तीच घरातल्यांपासून लांब राहायला! फॉर्म परत आला तेव्हा अर्धा कोरा. आम्ही वर्षानुवर्षं असे अर्धे कोरे फॉर्म फाईलला लावत होतो आणि म्हणत होतो की लोक नीट भरत नाहीत.

नवीन फॉर्ममध्ये पहिला प्रश्न आहे, 'आम्ही तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' कागदोपत्री नाव खाली, वेगळ्या चौकटीत, आणि त्याच्याच शेजारी लिहिलंय की हे फक्त सरकारी अर्जासाठी लागेल, नसेल लागणार तर सोडून द्या. लिंगाच्या जागी पर्यायांची रांग नाही, एक रिकामी ओळ आहे, आणि ती भरायलाच पाहिजे असं नाही. यावर आमच्यात वाद झाला कारण देणगीदारांना आकडे द्यायचे असतात, किती बायका, किती ट्रान्स व्यक्ती वगैरे, आणि रिकाम्या ओळीतून आकडे काढायचे म्हणजे कुणीतरी बसून मोजायचं. डिझायनर म्हणाली की ती मेहनत तुम्ही करा ना, येणाऱ्याला कशाला करायला लावता. मला ते तेव्हा जरा लागलं होतं. आता पटतं.

सगळ्यात भारी बदल फोनच्या ओळीत आहे. आधी नुसतं 'मोबाईल नं.' होतं. आता विचारलंय, हा फोन दुसरं कुणी बघतं का, फोन केला तर कुणाचा म्हणून सांगू, मेसेज चालेल का, कुठल्या वेळी करू नये. चार छोट्या ओळी आहेत फक्त. पण आमचा मेसेज संस्थेच्या नावाने जायचा, स्क्रीन लॉक असली तरी नाव वर दिसायचं, आणि एकीचं त्याच्यामुळे घरी काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. पाकिटांचंही तेच, आम्ही हौसेने पाकिटावर मोठा लोगो छापून घेणार होतो. डिझायनर म्हणाली, पाकीट कोरं ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या डिझायनरने आम्हाला काहीतरी छापू नका असं सांगितलं असेल.

वेबसाईटवर त्यांनी पटकन बाहेर पडायचं बटण बसवलं. त्यांनी ते शून्यातून बनवलं नाही, ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टीममध्ये 'एक्झिट धिस पेज' म्हणून तयार भाग आहे, बटण दाबलं किंवा शिफ्ट तीनदा दाबली की समोर सरळ हवामानाचं पान येतं, तो बघून त्यांनी आमचा केला. पण पानावर खाली हेही स्पष्ट लिहून घेतलं की याने ब्राउझरची हिस्टरी पुसली जात नाही, ती वेगळी पुसावी लागते, कशी ते इथे बघा. ही ओळ नसती तर बटणाच्या भरवशावर कुणीतरी अडकलं असतं. ब्लर केलेला हसऱ्या बायकांचा स्टॉक फोटोही त्यांनी काढून टाकला आणि पान फोनवर चटकन उघडायला लागलं, तो बोनस.

आता मराठीचं. इथे माझा एक स्टार कापलाय. पहिल्या ड्राफ्टमधला फॉन्ट स्क्रीनवर सुंदर होता, पण त्यात 'दुसऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा र नव्हताच, त्याच्या जागी रफार येत होता, म्हणजे 'दऱ्या' लिहावं तर छापून 'दर्या' येणार, खोल दरीचा समुद्र. ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे. वाचता येतं हो, पण आपलं वाटत नाही, आणि ज्या बाईला आधीच वाटतंय की ही संस्था कुणा बाहेरच्या शिकलेल्यांची आहे तिला ते लगेच जाणवतं. शिवाय उकार आणि मात्रा ओळींत एकमेकांवर चढत होत्या कारण ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेलं. दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा आमच्यातल्या एकीने प्रिंट काढून लाल पेनाने गोल करून पाठवलं तेव्हा बदललं. शेवटी 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाच्या, मुक्त परवान्याच्या 'मुक्त' फॉन्टवर गाडी आली, जो फुकट आहे आणि ज्यात हे सगळं व्यवस्थित आहे. हे पहिल्याच दिवशी होऊ शकलं असतं.

रंगांबद्दल मात्र त्यांच्याकडून खूप शिकले. आम्हाला एलजीबीटीक्यू लोकांच्या इंद्रधनुषी झेंड्यातले सहाही रंग हवे होते. त्यांनी अक्षरांना पिवळा रंग लावून पांढऱ्यावर दाखवला, काही दिसेना. वेबसाठीचा डब्ल्यूसीएजी नियम म्हणतो की साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक कमीत कमी 4.5 ला 1 असावा, मोठ्या अक्षरांना 3 ला 1 चालतो, आणि शुद्ध पिवळा पांढऱ्यावर घातला तर तो जेमतेम 1.07 भरतो. शेवटी अक्षरं गडद जांभळी, बाकी रंग फक्त कडेच्या पट्टीत. मग डिझायनरने पत्रक काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स मशीनवर टाकलं आणि म्हणाली, तुमचं खरं पत्रक हे. बरोबरच होतं, आमच्या शंभरातल्या नव्वद प्रती झेरॉक्सच असतात.

तिने तेव्हा एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. गिल्बर्ट बेकरने 1978 साली तो झेंडा केला तेव्हा त्यात आठ पट्टे होते. नंतर मागणी वाढली तर भडक गुलाबी कापड बाजारात मिळेना, म्हणून तो पट्टा गेला, मग पट्टे सम संख्येत असावेत म्हणून निळसर हिरवाही गेला आणि 1979 पर्यंत सहा उरले. म्हणजे आज ज्याला आपण पवित्र मानतो तो आकडा अर्धा तरी कापडाच्या दुकानाने ठरवलाय! आणि मोनिका हेल्म्सने 1999 साली केलेला ट्रान्स झेंडा, तो मुद्दाम असा आहे की वरचा खाली केला तरी तसाच दिसतो, कसाही लावा, चुकत नाही. घाईत स्टॉल लावणाऱ्या कार्यकर्त्यांचा विचार याहून चांगला कुणी केला असेल असं मला वाटत नाही. मी घरी येऊन अजून वाचत बसले तर मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश बायका सापडल्या, त्यांनी 1908 मध्ये जांभळा, पांढरा, हिरवा ठरवला आणि मोर्चाला पांढरे कपडे घालून यायला सांगितलं. पांढरा कपडा बऱ्याच जणींकडे असतोच, त्यावर एक रिबीन लावली की झालं. बजेट नसलेलं डिझाइन असंच असतं, आमच्या टीमने हे आधी सांगितलं असतं तर ते पक्षी उडाले नसते.

आता मोठी तक्रार. काम संपलं, सगळ्यांनी फोटो काढले, आणि फाईली आल्या त्या सगळ्या पीडीएफ. पुढच्या आठवड्यात भेटीची वेळ बदलली, पत्रकात एक आकडा बदलायचा होता, बदलता येईना. त्यांना मेल केला, उत्तर अकरा दिवसांनी, कारण ते पण दुसऱ्या कामात. मूळ फाईली मागितल्या तर त्या अशा सॉफ्टवेअरच्या ज्याचं दरमहा भाडं भरावं लागतं. तोपर्यंत आम्ही पत्रकावर जुन्या वेळेवर पांढरी पट्टी चिकटवून वर पेनाने लिहीत होतो, म्हणजे परत मूळ पदावर. इथे मी चिडले होते, फोनवर जरा जास्तच बोलले. पण त्यांनी ऐकून घेतलं, दोन आठवड्यांत पत्रक, पोस्टर आणि अहवालाचं पान परत बांधून दिलं, लोगो एसव्हीजी फाईलमध्ये, जी इंकस्केपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि बाकी टेम्पलेट कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या ॲपमध्ये. नोंदणीकृत ना-नफा संस्थांना कॅनव्हाची पैसे भरून मिळणारी सोय फुकट मिळते, आमची नोंदणी आहे म्हणून जमलं. ज्या गटांची नोंदणी नाही, आणि क्वीअर गटांमध्ये असे कितीतरी, कारण कुणाला कागदावर नाव आणायचंच नसतं, त्यांना असल्या सवलती मिळत नाहीत, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून मुक्त सॉफ्टवेअरचाच हट्ट धरावा. आणि करारात, निदान मेलमध्ये तरी, लिहून घ्या की मूळ फाईली आमच्या, फॉन्ट मुक्त परवान्याचे, आणि शेवटचे दोन तास आमच्या माणसांना शिकवायला.

त्या दोन तासांचं फळ सांगते. आमच्या ताई, त्याच हिशोबवाल्या, ज्यांना मी पोस्टर करायला कधी सांगितलंच नसतं, त्यांनी टेम्पलेटमध्ये अहवालाचा तक्ता स्वतः बसवला. पूर्वी अहवाल म्हणजे तीन रात्री जागरण, यंदा एक दुपार आणि थोडी कुरकुर. देणगीदाराला पाठवलेल्या प्रस्तावाला उत्तर पण लवकर आलं, आता ते डिझाइनमुळे की नशिबामुळे ते मी सांगू शकत नाही, पण पलीकडच्या बाईंनी फोनवर पान नंबर सांगून प्रश्न विचारला, म्हणजे कुणीतरी वाचलं होतं. आणि फॉर्म आता कोरे येत नाहीत. पहिल्या प्रश्नाला लोक कधी कधी हसतात, एकाने तीन नावं लिहून दोन खोडली होती.

लोगोचं म्हणाल तर शेवटी साधं नाव, जाड अक्षरात, खाली एक पट्टी. मला अजून फार आवडत नाही.

सेवेला पाचपैकी साडेतीन. फॉर्म एकट्याला सहा देईन. अर्धा स्टार अजून बॅनरसाठी अडवून ठेवलाय, त्यात दोरी ओवायच्या रिंगा बरोबर आमच्या हेल्पलाईनच्या शेवटच्या दोन आकड्यांवर येतात. सांगितलंय त्यांना, बघू कधी होतंय.