चिऱ्याच्या घरात वायफाय: रिपीटर की केबल?

पुढच्या खोलीत राउटर, मागे पाहुण्यांच्या खोल्या आणि मध्ये हातभर जाड चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती. गोव्यातल्या अशा घरात रिपीटर (राउटरचा सिग्नल हवेतून पकडून पुढे पाठवणारं यंत्र) लावावा की राउटरपासून केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (त्या केबलवरून वायफाय देणारं यंत्र) बसवावा, असा पेच पडतोच.

खरा फरक वेगात आहे. वायफायची हवा सामायिक असते. एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं. स्वतः बोलताना दुसऱ्याच्या बोलण्याशी झालेली टक्कर कळत नाही, म्हणून प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं, थांबतं, मग पाठवतं. ऐकायला आणि पाठवायला एकच रेडिओ असलेला रिपीटर तोच डेटा त्याच चॅनेलवर पुन्हा पाठवतो, म्हणजे वेग जवळपास निम्मा. त्यात भिंतीआडचे दोन मोबाइल एकमेकांना ऐकत नाहीत आणि एकदम बोलतात. मोबाइलवर सिग्नल पूर्ण दिसतो, व्हिडिओ मात्र अडखळतो. केबलने हा हवेतला दुसरा फेरा वाचतो: कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. राउटर आणि ॲक्सेस पॉइंट या दोघांना २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर १, ६, ११ यांपैकी वेगवेगळे चॅनेल द्या.

खर्चात आणि मेहनतीत रिपीटर सरस: प्लगमध्ये खोचला की झालं. केबलसाठी चिऱ्यात भोक पाडावं लागतं. ते बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा आणि केबलला खाली झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट आत येतं. शुद्ध तांब्याचीच केबल घ्या. वेगळ्या इमारतीत जायचं असेल तर मात्र फायबर (काचेच्या तंतूची केबल); जवळपास वीज पडली तर तांब्यातून दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात.

भाड्याच्या घरात मेल-मेसेजपुरतं हवं असेल तर दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) रिपीटर पुरे, फक्त तो सिग्नल चांगला असेल तिथे, अर्ध्या वाटेवर लावा. पाहुणे ठेवणाऱ्यांनी, घरून काम करणाऱ्यांनी केबलच ओढावी.